धडगाव की अक्राणी?

शहाद्याहून सातपुड्याचा घाट चढून येणाऱ्या एस.टी.च्या पाटीवर ‘धडगाव’ असे नाव असते. प्रवासी उतरतो तोही धडगावलाच. मात्र तेथील तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावर तालुक्याच्या रकान्यात ‘अक्राणी’ असे लिहिलेले असते. नंदुरबार जिल्ह्यातील या तालुक्याचे शासकीय नाव अक्राणी आणि मुख्यालय धडगाव. बोलताना लोक दोन्ही नावे सर्रास वापरतात आणि त्यात कोणाचाही घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो संगणकाचा. एका यादीत ‘धडगाव’ आणि दुसऱ्या यादीत ‘अक्राणी’ असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन निराळे तालुके ठरतात आणि एकाच माणसाची दोन ठिकाणची नोंद जुळत नाही. अर्ज ‘माहिती विसंगत’ असा शेरा घेऊन परत येतो. तो दुरुस्त करण्यासाठी नर्मदेकाठच्या एखाद्या पाड्यावरून पुन्हा तालुक्याला यायचे, तर मजुरीचा अख्खा दिवस बुडतो.

वरवर पाहता ही नावाची किरकोळ गफलत वाटते. वास्तविक तिच्या मुळाशी संगणकशास्त्रातील एक जुना व्यावहारिक प्रश्न आहे. एखाद्या कार्यालयाचा डेटाबेस वर्षानुवर्षे चालत आलेला असतो आणि त्यावर आता नवे वेब ॲप उभारायचे असते. त्या ॲपने आपल्या मनाशी माहितीचे जे चित्र रंगवले आहे, ते जुन्या डेटाबेसच्या प्रत्यक्ष रचनेशी जुळते का, हे तपासायचे कसे? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शासकीय कार्यालये, सहकारी संस्था, रुग्णालये, विद्यापीठे यांच्याकडे कोट्यवधी नोंदी जमा झाल्या. प्रत्येक नवे संकेतस्थळ, प्रत्येक नवी योजना या जुन्या नोंदींवरच उभी राहते. साहजिकच हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांपुरता राहिलेला नाही.

डेटाबेस म्हणजे काय, हे महाराष्ट्रात समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण महसूल खात्याचे गावदप्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. गावपातळीवर एकवीस नमुन्यांत नोंदी ठेवल्या जातात. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. सहाव्या नमुन्यात फेरफार, आठ-अ मध्ये खातेदाराची एकत्रित जमीन. प्रत्येक नमुन्याचे रकाने ठरलेले. तलाठ्याला (या पदाला अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव मिळाले आहे) मनात आले म्हणून नवा रकाना पाडता येत नाही. सातबाऱ्यावर नावापुढे जो फेरफार क्रमांक असतो, तो सहाव्या नमुन्यातील एका नोंदीकडे बोट दाखवतो. ती नोंद तेथे नसेल तर सातबाऱ्यावरील नावाला आधार उरत नाही. डेटाबेसमध्येही नेमके हेच असते. कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, कोणत्या रकान्यात अंक येणार आणि कोणत्यात मजकूर, कोणता रकाना कोरा चालणार नाही, कोणता क्रमांक दुसऱ्या कोणत्या तक्त्याशी बांधलेला आहे, या सगळ्या नियमांच्या संचाला स्कीमा म्हणतात.

वेब ॲप लिहिणारा अभियंता मात्र या दप्तराशी थेट बोलत नाही. तो आपल्या आज्ञावलीत ‘शेतकरी’, ‘जमीन’, ‘अर्ज’ अशा कल्पना मांडतो. शेतकऱ्याला नाव असते, जन्मतारीख असते, गाव असते. जमिनीला क्षेत्र असते, मालक असतो. या मांडणीला डेटा मॉडेल म्हणतात. पडद्यावर दिसणारा प्रत्येक फॉर्म, त्यातील प्रत्येक चौकट या मॉडेलवरून तयार होते. मॉडेल हे नव्या माणसाचे आकलन असते आणि स्कीमा हा जुन्या माणसांनी घालून दिलेला नियम. दोन्ही एकाच वास्तवाबद्दल बोलत असले, तरी ते लिहिणारी माणसे बहुधा एकमेकांना कधीच भेटलेली नसतात.

संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत आधी मॉडेल लिहायचे आणि त्यावरून कोरा करकरीत डेटाबेस तयार करून घ्यायचा, असा क्रम शिकवतात. तेथे दोहोंत तफावत पडण्याचा प्रश्न सुरुवातीला तरी येत नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी डेटाबेस आधीपासून असतो आणि तो बंद ठेवून चालत नाही. अशा वेळी वापरण्याची साधने जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय प्रणालीत आहेत. जँगो या पायथॉन भाषेतील प्रणालीत ‘इन्स्पेक्टडीबी’ नावाची आज्ञा आहे. ती जुना डेटाबेस वाचून त्यावरून मॉडेलचा कच्चा मसुदा लिहून देते. अशा मॉडेलवर ‘हा तक्ता माझ्या ताब्यातील नाही’ अशी खूण असते, म्हणजे जँगो त्याच्या रचनेला हात लावत नाही. जावा भाषेतील हायबरनेट या प्रणालीला ॲप सुरू होताना काय करायचे, हे एका शब्दात सांगता येते. ‘व्हॅलिडेट’ म्हटले तर ती फक्त तपासते आणि जुळत नसेल तर ॲप सुरूच होऊ देत नाही. ‘अपडेट’ म्हटले तर परस्पर नवे रकाने जोडते. ‘क्रिएट’ म्हटले तर आहेत ते तक्ते पाडून नवे बांधते, त्यातील नोंदींसह! चालू दप्तरासमोर हा तिसरा शब्द चुकून राहून गेला तर काय होईल, हे सांगायला नको.

ही तपासणी यंत्राकडून करून घेता येते, याचे श्रेय एडगर कॉड यांच्या दूरदृष्टीला द्यावे लागेल. आयबीएममध्ये काम करताना कॉड यांनी १९७० साली तक्त्यांवर आधारित डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे १९८५ साली त्यांनी अशा डेटाबेसचे जे नियम सांगितले, त्यातील एक असा की, डेटाबेसची स्वतःची रचनाही तक्त्यांच्याच रूपात ठेवलेली असावी आणि इतर माहितीप्रमाणेच ती विचारता यावी. म्हणजे दप्तरात कोणत्या वह्या आहेत, हेही एका वहीत लिहिलेले असले पाहिजे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर यांत ‘इन्फर्मेशन स्कीमा’ या नावाने ही वही सापडते. ओरॅकलमध्ये ती निराळ्या नावाने असते. नवे मॉडेल हाती घेऊन या वहीशी ओळीने ताडून पाहणे, हीच पडताळणीची पहिली पायरी.

येथे एक चूक फार वेळा होते. मॉडेलमधील प्रत्येक गोष्ट डेटाबेसमध्ये आहे ना, एवढेच पाहिले जाते. उलट दिशेने, म्हणजे डेटाबेसमधील प्रत्येक रकाना मॉडेलला माहीत आहे ना, हे कोणी पाहत नाही. समजा, जमिनीच्या जुन्या तक्त्यात भोगवटादाराच्या वर्गाचा रकाना आहे आणि तो कोरा राहिल्यास आपोआप ‘वर्ग १’ लिहिले जावे, असे कोणी तरी पूर्वी ठरवून ठेवले आहे. नव्या मॉडेलमध्ये हा रकाना राहून गेला. ॲप सुरळीत चालते, कोठेही त्रुटी दिसत नाही. फक्त त्यातून नोंदवलेली प्रत्येक जमीन वर्ग एकची होते. वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण परवानगीशिवाय होत नाही. शिवाय आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने बंधन घातलेले आहे. अक्राणीसारख्या बहुसंख्य आदिवासी तालुक्यात तो एक रकाना गळाला, तर नोंद पाहणाऱ्याला जमीन मोकळी असल्याचा भास होऊ शकतो. दोन्ही दिशांनी तपासणी केली असती, तर पहिल्याच दिवशी ‘हा रकाना मॉडेलला ठाऊक नाही’ अशी एक ओळ अहवालात आली असती.

यंत्राची तपासणी किती खोल जाते, याबद्दलही गैरसमज असतात. हायबरनेटचे ‘व्हॅलिडेट’ तक्ता आहे का, रकाना आहे का, त्याचा प्रकार जुळतो का, हे पाहते. रकान्याची लांबी आणि तो कोरा चालतो की नाही, यांच्या वाटेला ते जात नाही. मराठीत लांबीचा प्रश्न तर विशेष. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. ‘धडगाव’ हा शब्द पंधरा बाइटांचा होतो. जुन्या डेटाबेसमध्ये इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून पन्नास बाइटांचा रकाना आखलेला असेल, तर ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक’ हे तेथील नगरपंचायतीचे पूर्ण नाव त्यात मावत नाही. त्याला ७८ बाइट लागतात. काही डेटाबेस अशी नोंद नाकारतात. काही, विशेषतः मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या, रकान्यापेक्षा लांब मजकूर आला की शेपूट कापून उरलेले गुपचूप ठेवून देत.

मजकुराच्या सारखेपणाचेही तसेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ‘गांव’वरचा अनुस्वार गेला, पण जुन्या कागदांतून तो गेला नाही. ‘धडगांव’ आणि ‘धडगाव’ हे वाचणाऱ्याला एकच, संगणकाला दोन. गावाच्या नावावरून दोन तक्ते जोडण्याचा मोह म्हणूनच टाळावा लागतो.

हे सारे झाले रचनेपुरते. रचना तंतोतंत जुळूनही अर्थ निसटतो, तेव्हा खरी अडचण होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण जमिनीच्या क्षेत्राचे आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. आता कागदावर ‘१.५’ असे लिहिलेले असेल, तर ते काय समजायचे? गावातल्या लिहिणाऱ्याच्या मनात अनेकदा ‘एक हेक्टर पाच आर’ असते, म्हणजे दशांश पद्धतीने १.०५. संगणकाच्या मते ते दीड हेक्टर, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर. दोहोंतील फरक पंचेचाळीस आरचा, एकराहून थोडा अधिकच! जुन्या तक्त्यात दशांश रकाना, नव्या मॉडेलमध्येही दशांश रकाना. प्रकार जुळला, लांबी जुळली, तपासणी उत्तीर्ण. डोंगरउतारावरच्या लहान खातेदाराची तेवढी जमीन कागदावर वाढली काय किंवा घटली काय, यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही.

जुने कागद एकर-गुंठ्यांतले असतील तर आणखी एक पेच. चाळीस गुंठ्यांचा एकर. ‘२.३५’ म्हणजे दोन एकर पस्तीस गुंठे, जवळजवळ तीन एकर. दशांशात वाचले तर सव्वादोन एकरांहून थोडे जास्त. येथे अनुभवी माणूस एक साधी युक्ती करतो. तो रकान्यातील सगळे आकडे काढून टिंबानंतरचा भाग पाहतो. हजारो नोंदींत तो कधीच एकोणचाळीसच्या पुढे जात नसेल, तर हा रकाना दशांशाचा नसून एकर-गुंठ्यांचा आहे, हे ओळखायला कोणताही दस्तऐवज लागत नाही. स्कीमात ते कोठेही लिहिलेले नसते. ते नोंदींनीच सांगायचे असते. म्हणूनच जाणकार मंडळी मॉडेल नुसते स्कीमाशी नव्हे, तर प्रत्यक्ष साठलेल्या माहितीशीही ताडून पाहतात. रकान्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा, कोऱ्या नोंदींचे प्रमाण, सर्वाधिक वेळा आलेले मूल्य, एवढे काढले तरी पुष्कळ कळते.

सर्वाधिक वेळा आलेले मूल्य पाहण्याचे कारण मजेशीर आहे. जो रकाना सक्तीचा असतो पण ज्याचे उत्तर माणसाजवळ नसते, तेथे काही तरी भरून पुढे जाण्याची वहिवाट असते. ०, १, ९९९, ‘अबक’. जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. आधारच्या माहितीची रचना ठरवताना जन्मतारखेसोबत ती कागदपत्रांवरून पडताळलेली आहे, व्यक्तीने सांगितलेली आहे की अंदाजे आहे, हे नोंदवण्याची सोय ठेवण्यात आली होती. ज्यांना तारीख ठाऊक नाही त्यांचे केवळ जन्मवर्ष घेतले जाई. ही शहाणपणाची रचना होती. पण या माहितीवरून भरणा होणाऱ्या एखाद्या नव्या ॲपच्या मॉडेलमध्ये फक्त ‘जन्मतारीख’ असा एकच सक्तीचा रकाना असेल, तर ‘अंदाजे’ ही खूण वाटेतच गळते. अंदाजाची तारीख खरी होऊन बसते आणि निवृत्तिवेतनाच्या वयाचा हिशेब तिच्यावरून होऊ लागतो.

नावांचेही असेच आहे. अक्राणी भागात पावरा, वळवी, वसावे, पाडवी अशी मोजकी आडनावे फार मोठ्या समाजाची आहेत. नाव आणि आडनाव यांवरून माणूस एकमेव ठरेल, असे मॉडेल येथे पहिल्याच गावात कोसळते. जुन्या सातबाऱ्यांवर नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे असत. एकत्र कुटुंब मॅनेजर आणि अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा अर्थ. ती नावाची अलंकारिक जोड नव्हे. जमीन एकट्याची नाही किंवा मालक अज्ञान आहे, हे ती सांगतात. नाव ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात ही अक्षरे पुसली गेली, तर भावंडांचा हक्क पुसला जातो.

या सगळ्याहून अवघड प्रकरण वनहक्कांचे आहे आणि धडगाव परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचेही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांना त्या जमिनीवरील हक्क मान्य करण्याची तरतूद केली. मर्यादा चार हेक्टरांची. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. व्यक्ती विवाहित असेल तर तो पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा असतो. २००८ च्या नियमांसोबत हक्कपत्राचा जो नमुना आहे, त्यात जोडीदारासह धारकाचे नाव, अवलंबितांची नावे, ग्रामसभा आणि जमिनीच्या सीमांचे वर्णन आहे. हे वर्णन ठळक खुणांवरून करायचे आणि त्यात वनकक्षाचा क्रमांकही येऊ शकतो.

आता ही नोंद सातबाऱ्याच्या धर्तीवर घडवलेल्या स्कीमात बसवून पाहावी. गट क्रमांक सक्तीचा. वनजमिनीला गट क्रमांक नाही, म्हणून तेथे शून्य. मालकाच्या नावाचा रकाना एकच, म्हणून पतीचे नाव आत आणि पत्नीचे बाहेर. सीमा म्हणजे ओढा, टेकाड, महूचे झाड. त्यांना रकानाच नाही. वारस नोंदीची सोय विक्रीच्या सोयीबरोबर एकाच कप्प्यात, त्यामुळे ज्या हक्काची विक्री कायद्याने होऊच शकत नाही, त्याच्यासमोर पडद्यावर विक्रीचे बटण. मॉडेल या स्कीमाशी शंभर टक्के जुळवून घेतले, तर तपासणीचा अहवाल निर्मळ येईल आणि नोंद कायद्याच्या विरुद्ध असेल. नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या बाईला आपल्याच शेतावर योजनेचा अर्ज करताना ‘धारकाचे नाव जुळत नाही’ असे उत्तर मिळेल.

तेव्हा मॉडेल आणि स्कीमा यांत फरक सापडला की कोणाचे खरे मानायचे? जुना डेटाबेस चालू आहे म्हणून त्याचे खरे, असे सहसा मानले जाते. निदान ते कमी कष्टाचे असते. नव्या मंडळींना उलट वाटते की, जुने सगळे गबाळे आहे. खरे तर दोघांचेही म्हणणे हे साक्षीदाराचे म्हणणे असते. निकाल तिसऱ्याच ठिकाणी असतो: मूळ कागदावर, कायद्याच्या कलमात आणि ज्याची नोंद आहे त्या माणसाजवळ. फरकांच्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे ‘आधार काय?’ असा एक रकाना ठेवून तो भरल्याशिवाय ना मॉडेलला हात लावायचा ना स्कीमाला, ही शिस्त वेळखाऊ आहे खरी. पण या कामात दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

महाराष्ट्राने हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर आले, त्यानंतर ई-फेरफार प्रणाली आली आणि संगणकातील सातबारा मूळ कागदाशी जुळत नसल्याचे ठिकठिकाणी दिसू लागले. काही विसंगती यंत्राने शोधता येण्याजोग्या होत्या. सर्व्हे क्रमांकाचे एकूण क्षेत्र आणि त्यावरील खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, सातबारा आणि आठ-अ यांत मेळ नाही, अशा प्रकारच्या. त्यांच्या याद्या काढून दुरुस्तीची कामे चालली. पण नाव चुकीचे लिहिले गेले, बोजा उतरला नाही, बहिणीचे नाव गळाले, हे कोणत्या यादीत येणार? त्यासाठी २०१७ साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील नोंदी गावात लोकांसमोर वाचून दाखवायच्या आणि हरकती घ्यायच्या. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेचे १५५ वे कलम हाताशी होतेच. त्यानंतर २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. संगणकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात चावडी वाचनाचा उल्लेख सापडणार नाही. तरीही डेटाबेसमधील अर्थ तपासण्याची इतकी नेमकी पद्धत क्वचितच कोणी योजली असेल.

२०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हाही या अनुभवाचा उपयोग झालेला दिसतो. लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र स्वतंत्र दाखवून एकूण क्षेत्र वेगळे देण्यात आले, शेती आणि बिनशेतीसाठी क्षेत्राचे एकक स्पष्ट झाले, खाते क्रमांक खातेदाराच्या नावासोबत आला. आणि गावाच्या नावासोबत त्याचा एलजीडी संकेतांक छापला जाऊ लागला. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या या निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव यांना एकेक क्रमांक दिलेला असतो.

धडगाव की अक्राणी, या सुरुवातीच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर या क्रमांकात आहे. नोंदीत नाव न ठेवता संकेतांक ठेवायचा. नावांचा तक्ता वेगळा, त्यात एका संकेतांकापुढे हवी तितकी नावे: अक्राणी, धडगाव, धडगांव. कोणी काहीही टंकले तरी पोहोचायचे एकाच ठिकाणी. मात्र संकेतांकालाही काळाचे भान द्यावे लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा धुळे’ असणे ही चूक नव्हे. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत अक्राणी नावाचा विधानसभा मतदारसंघ होता; नंतर हा तालुका अक्कलकुवा मतदारसंघात गेला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली, तीही अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतलीच, आणि त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन शहादा-तळोदा भागात झाले. अशा कुटुंबाचे ‘गाव’ कोणते, याला राहण्याचे, मूळचे आणि जमिनीचे अशी तीन उत्तरे असू शकतात. मॉडेलमध्ये गावाचा रकाना एकच असेल, तर त्यांपैकी दोन उत्तरे बाहेरच राहतात.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची रीत आता बरीच ठरून गेली आहे. चालू डेटाबेसवर फक्त वाचण्याचा अधिकार असलेले खाते घ्यायचे. रचनेची प्रत काढून ती आज्ञावलीसोबत जपून ठेवायची, म्हणजे उद्या कोणी तक्त्यात बदल केला तर कालच्या प्रतीशी ताडता येईल. मॉडेलचा मसुदा यंत्राकडून लिहून घेतला, तरी प्रत्येक रकान्याचा अर्थ कार्यालयातील जुन्या कारकुनाला विचारायचा. बहुतेक वेळा ‘हा रकाना आम्ही २००९ पासून वेगळ्याच कामाला वापरतो’ अशा धाटणीची माहिती तेथेच मिळते. मग नव्या ॲपची प्रत्येक आवृत्ती चढवण्यापूर्वी दोन्ही दिशांची तपासणी आपोआप चालवायची आणि एकही ओळ जुळली नाही तर आवृत्ती थांबवायची. नोंदींवरच्या चाचण्या, म्हणजे बेरजा, टिंबानंतरचे आकडे, १ जानेवारीच्या वाढदिवसांची संख्या, या रात्री चालवल्या तरी पुरते.

एवढे करूनही सातपुड्यात एक गोष्ट उरतेच. संकेतांक असतो तो महसुली गावाला. अक्राणीतले गाव मात्र एका जागी नसते. ते डोंगरमाथ्यांवर आणि दऱ्यांत विखुरलेल्या पाड्यांचे मिळून झालेले असते आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला तास लागू शकतो. महसुली गावांच्या यादीत पाड्याला स्वतंत्र क्रमांक नाही. त्यामुळे बहुतेक ॲपमध्ये पाडा ‘पत्ता’ या मोकळ्या चौकटीत, ज्याला जसे सुचेल तसा लिहिला जातो: कधी पाड्याच्या नावाने, कधी कारभाऱ्याच्या नावाने, कधी नुसते ‘नदीपलीकडे’. स्कीमाला ते चालते, मॉडेलला चालते. पावसाळ्यात तेथवर धान्य किंवा रुग्णवाहिका पाठवायची असते, तेव्हा त्या चौकटीत काय लिहिले आहे, हे वाचायला फळीवरचा माणूसच लागतो.